रानबाचा कोरडा

केस कापले तेवढं बास आहे की नाही, यावर आमच्या ओट्यावर दोन वेळा चहा झाला तरी निकाल लागेना.

एका बाजूला दुशिंग मास्तर, एका बाजूला नवे पाळकसाहेब अमोलिक. मधे खाली पायरीवर माझा धाकटा भाऊ रानबा. जन्मात कधी कात्री न लागलेलं त्याचं डोकं आदल्या दिवशी त्यानं स्वतःच भादरून घेतलं होतं. कानामागची कातडी उन्हात कधी आलीच नव्हती, ती पांढरीफटक दिसत होती. मांडीवर कोरडा, अंगावर ओढायचा आसूड. वाखाचा, मनगटाएवढा जाड, टोकाला बारीक होत गेलेला.

रानबा पोतराज. आमच्या आईनं त्याच्या लहानपणीच त्याला मरीआईला सोडला. आधीची दोन पोरं गेलेली, हे तरी जगू दे म्हणून. तो जगला. मला बापानं भोकरवाडीच्या ख्रिस्तवाडीत दिली. एकाच आईच्या पोटची आम्ही दोघं. मी चर्चमधे आणि हा गावोगावच्या दारात अंगावर कोरडे ओढत. आता चाळिशी उलटल्यावर तो माझ्या दारी आला होता. "आक्का, मला तुमच्यात घ्या," म्हणाला. मी म्हटलं, "माझ्यात तू आईच्या पोटापासून आहेस. त्यांच्यात घ्यायचं तर त्यांना विचारावं लागंल." म्हणून ही बैठक.

"केस हे बाहेरचं झालं," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "कोरडा अजून मांडीवर आहे, त्याचं काय? पूर्ण शरण यायचं म्हणजे काही मागं राखायचं नसतं, पाळकसाहेब."

पाळकसाहेब तरुण, नुकतेच शिकून आलेले. मिशीसुद्धा अजून विचार करत होती, यावं की नाही म्हणून. ते म्हणाले, "मास्तर, वधस्तंभावरच्या चोराला कुणी विचारलं होतं, काय काय राखलंस म्हणून? विश्वास ठेवला आणि त्याच दिवशी सुखलोकात गेला. तारण विश्वासानं मिळतं. बाकीचं मागनं येतं."

"त्या चोराला खाली उतरून पुन्हा चोरी करायला वाव नव्हता. म्हणून स्वस्तात सुटला. ह्याला उद्या आपल्यात राहायचंय."

मी दाराआडून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन, त्याच्या भाकरीचे गहू पाखडत बसले होते. राहवलं नाही. "स्वस्तात?" म्हटलं. "हातापायांत खिळे ठोकून घ्या मास्तर, आणि मग स्वस्त म्हणा."

पाळकसाहेबांना हसू आवरेना. मास्तर म्हणाले, "सालोमीबाई, तुम्ही गहू पाखडा."

"पाखडतेच आहे. कोंडा उडतोय तो तुमच्या अंगावर येतोय, त्याला मी काय करू?"

मास्तर वाईट नव्हते हो. मिशनच्या शाळेत जन्म घातलेला माणूस. ख्रिस्ती झाले तेव्हा बापानं घराबाहेर काढलं. पुढं आई वारली, तर भावकीनं मातीलासुद्धा येऊ दिलं नाही. शिवेवर उभं राहून लांबून धूर बघितला, असं आमचे मालक सांगायचे. ज्याला महाग पडलेलं असतं, त्याला दुसऱ्यानं फुकट नेलेलं बघवत नाही. हे मला कळत होतं. म्हणून तर त्यांच्याशी भांडायला बरं वाटायचं. भांडायलासुद्धा माणूस वजनाचा लागतो.

मास्तर रानबाकडं वळले. "हा कोरडा टाकून का देत नाहीस?"

"लागंल," रानबा म्हणाला.

"कशाला लागेल?"

रानबा बोटांनी वाखाची वीण चाचपत बसला. पोतराजाला गाणं येतं, नाचणं येतं, बोलणं मात्र त्याच्या वाटणीला आलं नव्हतं.

शेवटी पाळकसाहेब थकले. ठरलं असं, की उद्या उपासनेत, प्रभुभोजनाच्या आधी, रानबानं मंडळीपुढं उभं राहून पश्चात्ताप करायचा. पंचांचं समाधान झालं तर पुढच्या रविवारी बाप्तिस्मा.

रानबानं मान वर केली. "मास्तर, पश्चात्ताप म्हंजी काय करायचं वं?"

मास्तरांना शिकवायला मिळालं की ते मऊ व्हायचे. पायरीवर त्याच्या शेजारी उतरून बसले. "देवापुढं स्वतःला मोडायचं, रानबा. काही लपवायचं नाही. नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही. अंगाला लागलं पाहिजे."

रानबाचा चेहरा उजळला. "त्ये येतंय मला," म्हणाला.

त्या घडीला माझ्या मनात काहीच आलं नाही. मी गव्हातला खडा शोधत होते.

आत चुलीपाशी हौसा बसली होती. रानबाची बायको. ती ओट्यावर आली नव्हती. रानबा आल्यापासून ती त्याच्यासमोर ताट ठेवायची आणि निघून जायची.

हौसाचं असं, की लग्नापासून ती त्याच्यामागं गावोगाव हिंडली. डोक्यावर मरीआईचा देव्हारा, काखेत ढोलकं. ती वाजवायची, हा नाचायचा. त्यांना एक पोरगा होता, लखू. चार वर्षांचा असेल-नसेल, वाटेतच गोवरानं गेला. त्यानंतर एक दिवस हौसा एकटीच माझ्या दारात आली. काखेत ढोलकं होतं. म्हणाली, "वन्सं, हे ठेवून घ्या आणि मलाबी." ढोलकं मी माळ्यावर टाकलं आणि तिला घरात घेतली. पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला. रानबाबद्दल ती एकदाच बोलली होती. "मारलं असतं तरी मी ऱ्हायली असते वन्सं. पर पोरगं गेल्यापासून त्यानं त्याचं नावच टाकलं. जसं काय मला झालंच न्हवतं."

मी सूप खाली ठेवून विचारलं, "हौसे, तुझं काय म्हणणं? घ्यावा का तुझ्या नवऱ्याला?"

"देवानं घ्यावा की. देवाचं घर मोठं हाय."

"आणि तू?"

"माझं घर न्हाय वन्सं. मी तुमच्यात ऱ्हाती." असं म्हणून तिनं चुलीत फुंकर घातली. धूर झाला. धूर झाला की बाईला डोळे पुसायला कारण लागत नाही.

प्रभुभोजनाची भाकर माझ्या घरची. सासूबाई गेल्यापासून मीच करत आले. निवडक गहू, खमीर नाही, मीठ नाही, पातळ लाटायची आणि तव्यावर डाग पडू द्यायचा नाही. मोडली की कट्ट वाजली पाहिजे आणि जिभेवर ठेवली की विरली पाहिजे. शिकले मी दुसरीपर्यंत, पण त्या भाकरीत मला कुणी नापास करून दाखवावं.

रविवारी चर्च भरलं. रानबाला बघायला एरवी नाताळलाच तोंड दाखवणारेही आले होते. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, सतरंजीवर. पुढं मेज, पांढरा कपडा, पितळी ताटात माझी भाकर झाकलेली. मी पहिल्या ओळीत, माझ्या शेजारी हौसा. रानबा पुढं भिंतीशी. अंगात आमच्या मालकांचा जुना सदरा. कोरडा बगलेत.

"कोरडा आणलाय बघा," मागं कुणीतरी पुटपुटली.

"मेजावर आणून ठेवील," दुसरी म्हणाली. "शरण यायचंय ना."

मलाही तसंच वाटलं. बरंही वाटलं. म्हटलं, माझा भाऊ अर्धवट काही करायचा नाही.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि नाव पुकारलं. रानबा पुढं आला. मंडळीकडं पाठ करून मेजाकडं तोंड केलं. मास्तर पंचांच्या बाकावरून मायेनं म्हणाले, "बोल रानबा. घाबरू नको."

रानबानं सदरा काढला. घडी घालून खाली ठेवला. कोरडा सोडला. आणि काय होतंय हे कळायच्या आत हात वर गेला.

पोतराजाचा कोरडा मी लहानपणापासून बघितलेला. त्यात एक कसब असतं. मनगटाला असा झटका द्यायचा, की फटाका हवेत फुटतो आणि अंगाला नुसता वारा लागतो. बघणाऱ्या बायका "अगं बाई" करतात, लुगड्याचा पदर तोंडात धरतात, पण पाठीला फारसं काही झालेलं नसतं. आवाज मोठा, मार थोडा.

त्या दिवशी आवाज थोडा होता.

दुसरा ओढला. तिसरा. पोरं रडायला लागली. पाळकसाहेब "थांबा, अहो थांबा," म्हणत पुढं झाले, पण कोरड्याच्या फेऱ्यात शिरायचं कसं? मास्तर उभे राहिले. तोंड चुन्यासारखं पांढरं. "रानबा! अरे, असं नाही! मी असं नव्हतो म्हणालो!"

रानबाला ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी सांगितलं होतं अंगाला लागलं पाहिजे. तो लावून घेत होता. देवापुढं चूक कबूल करायची ही एकच रीत त्याला कुणी शिकवली होती.

उजवीकडून दोन गडी उठले त्याला धरायला. मी हौसाकडं बघितलं. तिची बोटं मांडीवर आपोआप ठेका धरत होती. डोळे नवऱ्याच्या पाठीवर. मग तिला आपल्या हाताचं भान आलं आणि तिनं एका हातानं दुसरा घट्ट दाबून धरला.

"वन्सं," ती कुजबुजली, "त्यो असा थांबत न्हाय. धरलं तर अजून चेकाळंल. दारातली बाई वाढायला आल्याबिगर कोरडा थांबत न्हाय."

खरंच होतं ते. मीच विसरले होते. लहानपणी आमच्या दारात पोतराज आला, की आई सूप घेऊन बाहेर येईपर्यंत कोरडा चालूच असायचा. आई उंबऱ्यावर दिसली की हात खाली. मग ओटी पुढं. घरात किती दाणे आहेत याचा हिशोब आईनं आत बसून करायचा नसे. दारात माणूस अंगावर ओढून घेतोय. आधी वाढायचं.

सूप माझ्या घरी. दाणे माझ्या घरी. समोर मेजावर माझं ताट.

मी उठले. मेजाशी गेले आणि कपडा बाजूला केला.

"सालोमीबाई!" मास्तर ओरडले. "ते प्रभूचं आहे!"

"मग? प्रभूच्या दारात उभं राहिलेल्याला कुणाच्या घरचं आणून वाढू?"

"त्याचा बाप्तिस्मा नाही झालेला!"

"भूक झालीय," म्हटलं, आणि अख्खी भाकर उचलून रानबाच्या समोर जाऊन उभी राहिले. कोरडा वर गेलेला होता. आला असता तर माझ्या तोंडावर आला असता. मी डोळे मिटले नाहीत. कोरड्यापुढं आमच्या माहेरी मिटत नाहीत.

"रानबा," म्हटलं, "बाई बाहेर आलीय. घे."

हात तसाच वर राहिला. मग कोरडा त्याच्या मुठीतून सुटला, मागं पडला. त्यानं गुडघे टेकले आणि धोतराचा सोगा पुढं धरला. अगदी तसाच, जसा जन्मभर दारोदार धरला. मी भाकर ओटीत टाकली.

पाळकसाहेब मेजाला धरून उभे होते. ताटात नुसता कपडा.

रानबा भाकरीकडं बघत राहिला. खाल्ली नाही. दोन्ही हातांत धरून मोडली. कट्ट वाजली. अर्धी ओटीत ठेवली, आणि अर्धी हातात घेऊन गुडघ्यांवरच सरकत बायकांच्या बाजूला आला. हौसाच्या पुढं.

"ह्यो लखूचा वाटा," म्हणाला.

हौसाचा दाबून धरलेला हात सुटला.

"मरीआई आली न्हवती गं त्याच्या अंगात," रानबा म्हणाला. खाली बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तू म्हणलीस, मिशनच्या दवाखान्यात नेऊ. त्याच्या फाटकावरनंच चाललो व्हतो. मी म्हणलो, मरीआई आलीय, दवाखान्यात नेलं तर तिला राग यील. खोटं बोललो. आईवर ढकललं. जत्रा आडवी आली व्हती, मला जत्रा चुकवायची न्हवती. पोरगं तापानं फणफणत व्हतं, लखू 'बा, पानी' म्हणत व्हता, आन् मी तुला म्हणलो, वाजव. तू वाजवलंस. मी नाचलो." मग तोंड वर केलं. "लखू," पुन्हा म्हणाला. जसं काय बऱ्याच दिवसांनी जिभेला चव लागली होती. "लखू. लखू."

कुणी पश्चात्ताप म्हणालं नाही. कुणी आमेनही म्हणालं नाही. मास्तर बाकावर बसले होते, चष्मा हातात, आणि या खेपेला काच पुसत नव्हते.

हौसानं भाकर घेतली. पदराच्या टोकात बांधली. त्याच्या पाठीकडं बघितलं आणि म्हणाली, "सदरा घाल. माशा बसत्यात."

त्या दिवशी मंडळीला प्रभुभोजन मिळालं नाही. भाकरच नव्हती.

संध्याकाळी पंच बसले. रानबाच्या बाप्तिस्म्याला पहिला हात मास्तरांनी वर केला, हे मी ऐकलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. दुसरा ठरावही त्यांनीच मांडला, त्याचंही वाटलं नाही. मेजावरची भाकर बिनबाप्तिस्म्याच्या माणसाला वाढली, म्हणून सालोमीबाईंना पश्चात्ताप करेपर्यंत प्रभुभोजनातून बंद. पाळकसाहेब निरोप घेऊन आले. बिचारे दारातच घुटमळले.

"बाई, नुसतं 'चुकले' म्हणा. मी पुढचं बघतो."

"चुकले असते तर तुम्ही यायच्या आधी म्हटलं असतं. वाढल्याचा पश्चात्ताप माझ्या घरात नाही. कणगीत बघून आले."

"पण विश्वास तरी..."

"तो आहे. तो मागायला नका येऊ. तो तुमच्यापेक्षा जुना आहे."

पुढच्या रविवारी रानबाचा बाप्तिस्मा झाला. मी मागं भिंतीला टेकून बघितला. कोरडा मी त्याच दिवशी उचलून आणला होता. वाख चांगला होता, वाया कशाला घालवायचा? शेळी बांधली. हौसा लगेच काही विरघळली नाही. रानबाचं अंथरूण बाहेर ओसरीवर आणि तिचं आत. पण जेवायला वाढल्यावर आता ती निघून जात नसे. समोर बसायची. कधीमधी लखूचं बोलायची दोघं. तो खोडकर किती होता, ढोलकं वाजलं की कसा दुडदुडायचा. एकदा ती हसलेली मला परसातून ऐकू आली. मी खोकले नाही, की आत गेले नाही.

प्रभुभोजनाची भाकर मास्तरांच्या सुनेकडं गेली. पोरगी गुणी, पण हात जड. पहिल्या महिन्यात लोक म्हणाले, सवय नाही, शिकेल. दुसऱ्या महिन्यात रानबा घरी येऊन गालावर हात ठेवून बसला. "आक्का, गिळंना गं. पायताण चावल्यावानी झालं."

"प्रभूची आहे, रानबा. नावं ठेवू नये."

"प्रभूची हाय, म्हणून तर चावली."

त्यानंतरच्या महिन्यात, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, मी परसात गहूच पाखडत होते. घरचे, खायचे. पुढच्या दारी कुणीतरी आल्याचं जाणवलं. हाक नाही, कडी नाही. डोकावून बघितलं तर दुशिंग मास्तर. अंगणात, पायरीच्या खाली. हातात गव्हाची पिशवी. एका गालाला सूज. दात हलला होता, असं मागनं कळलं.

मी बाहेर आले नाही. म्हटलं, बघू दे किती वेळ उभे राहतात. मास्तर उभेच. घसा खाकरला. चष्मा काढला, घातला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

दारात माणूस उभं असताना बाईनं किती वेळ आत बसायचं, याला काही रीत असते. मी सूप घेऊन उंबऱ्यावर आले.

मास्तरांनी खाली बघत सुरुवात केली. "सालोमीबाई, मी जे म्हणालो होतो ते शास्त्राला धरूनच म्हणालो होतो."

"होतं की."

"नियम नियमच असतो."

"असतो की."

"पण त्या दिवशी रानबा..." त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. "मी त्याला सांगितलं होतं अंगाला लागलं पाहिजे. मीच सांगितलं. आणि तुम्ही..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. मोठा होता. दाताआडून निघण्यासारखा नव्हता. मी थांबले असते तर निघाला असता कदाचित. मी थांबले नाही. सूप पुढं केलं. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, सुपाकडं बघितलं, आणि पिशवी सुपात रिकामी केली. गहू चांगला होता. निवडून आणला होता, एकही खडा नव्हता.

"किती जणांची करू?" मी विचारलं.

मास्तरांनी डोळे पुसले. धूर नव्हता, काही नव्हतं. "तुमच्यासकट मोजा," म्हणाले.